व्हेंजन्सचे वैमानिक

१ डिसेंबर १९४२ रोजी भारतीय हवाई दलात दोन नव्या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. सातवी विशाखापट्टणमला, आठवी त्रिचनापल्लीला. दोघींनाही एकच काम नेमून दिले होते : सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणे. त्यासाठी अमेरिकेहून आलेले ‘व्हल्टी व्हेंजन्स’ नावाचे दोन आसनी डाइव्ह बॉम्बर त्यांना मिळणार होते. या विमानांवर बसलेले बहुतेक भारतीय वैमानिक वीस-बावीस वर्षांचे होते, आणि त्यांतल्या अनेकांनी दोन-तीन वर्षांपूर्वी विमान जवळून पाहिलेलेही नव्हते.

हवाई दलाचे वयही तसे थोडेच होते. त्याचा कायदा ८ ऑक्टोबर १९३२ चा, आणि पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत जुनाट ‘वापिटी’ विमानांवर सुरू झालेली. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले तेव्हा साऱ्या देशाच्या हवाई दलात १६ अधिकारी होते आणि स्क्वाड्रन एकच होती. साध्या जवानाला तेव्हा ‘हवाई सिपाही’ म्हणत. देशाचा किनारा सांभाळण्यासाठी घाईघाईने किनारा संरक्षण तुकड्या उभारल्या गेल्या. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणम अशा बंदरांवर त्या नेमल्या होत्या. उड्डाण क्लबांतून शिकलेले हौशी वैमानिक, हवाई कंपन्यांचे वैमानिक आणि राखीव दलात नव्याने नाव घातलेले तरुण या तुकड्यांत जुन्या विमानांतून समुद्रावर गस्त घालीत. १९४२ च्या अखेरीस या तुकड्या मोडल्या. त्यांतल्या अनेकांना नव्या बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये घेण्यात आले.

मुंबई इलाख्यात या पिढीच्या घडणीला आधीपासून थोडी पार्श्वभूमी होती, आणि त्यात नाशिकचा वाटा मोठा आहे. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी गोलमेज परिषदेत लष्कराच्या भारतीयीकरणाची मागणी लावून धरली होती. अधिकारी होण्यासाठी भारतीय मुलांना बालवयापासून तयार करणारी शाळा हवी, असे त्यांचे मत. त्यासाठी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १२ जून १९३७ ला नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. गंगापूर रस्त्याच्या बाजूच्या त्या विस्तीर्ण आवाराला ‘रामभूमी’ हे नाव मिळाले. शाळेत कवायत, घोडेस्वारी, नेमबाजी आणि नेहमीचे शालेय शिक्षण एकत्र चाले. मुंजे यांचे राजकारण अनेकांना मान्य नव्हते, आजही नाही. परंतु गणित, इंग्रजी आणि शिस्त यांच्या जोरावर मराठी मुलांनी अधिकारीपदाच्या परीक्षेला बसावे, हा विचार त्यांनी नाशिकमध्ये विटा-मातीत उभा केला, हे नाकारता येत नाही.

नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनीही हिंदू महासभेचे अध्यक्ष म्हणून याच काळात तरुणांनी सेना, आरमार आणि हवाई दल या तिन्हींत शिरावे, असा प्रचार चालवला होता. दुसरीकडे काँग्रेसची मंत्रिमंडळे १९३९ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडली होती, आणि १९४२ च्या ऑगस्टात ‘चले जाव’ची हाक उठली. त्यामुळे त्या वर्षी अठरा-वीस वर्षांच्या मराठी मुलाने हवाई दलाचा अर्ज भरला, तर त्याच्या घरात एक भाऊ तुरुंगात आणि एक गणवेशात, अशी अवस्था अगदी शक्य होती. या ताणाचे नीट मोजमाप अजून कोणी केलेले नाही. त्या तरुणांना ‘देशभक्त’ किंवा ‘सरकारी’ अशा एका शब्दात बसवणे मात्र अन्यायाचे होईल.

त्यात हवाई दलाचे दार काहीसे वेगळ्या माणसांसाठी उघडले होते. सैन्यभरतीत ब्रिटिशांनी ‘लढाऊ जाती’ची कल्पना पक्की केली होती, आणि त्यामुळे शहरातल्या शिकलेल्या कित्येक घरांना लष्कराची वाट बंद होती. हवाई दलाला त्रिकोणमिती समजणारा, नकाशा वाचणारा, इंग्रजीत झटपट संदेश लिहिणारा माणूस हवा होता. तो मुंबई-पुण्याच्या कॉलेजात सापडे. मुंबईच्या जुहू विमानतळावरचा उड्डाण क्लब १९२८ पासून चालू होता. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे.आर.डी. टाटांनी कराचीहून डाक घेऊन केलेले उड्डाण त्याच जुहूला उतरले होते. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने अशा क्लबांमार्फत ३०० वैमानिक आणि २००० यंत्रज्ञ तयार करण्याची योजना आखली. हवाई दलाच्या विस्ताराचे बीज त्या योजनेत होते.

प्रशिक्षणाची साखळी युद्धकाळात पक्की झाली. निवड झालेला तरुण आधी प्रारंभिक प्रशिक्षण केंद्रात जाई. हे केंद्र सुरुवातीला लाहोरजवळच्या वॉल्टन येथे होते, पुढे पुण्याला आले. तेथे विमान नव्हते. होती ती कवायत, हवामानशास्त्र, नॅव्हिगेशन, मोर्स लिपी, विमानांची चित्रे ओळखण्याचा सराव आणि हवाई दलाचे नियम. एखादे विमान क्षणभर ढगातून बाहेर डोकावले, तर तेवढ्यावरून ते आपले की शत्रूचे हे सांगता आले पाहिजे, म्हणून काळ्या सावल्यांची चित्रे मुलांना घोकावी लागत. मोर्सचे ठोके कानात बसायला आठवडे जात. याच टप्प्यावर काहींच्या नावापुढे ‘वैमानिक’ लागे, काहींच्या पुढे ‘नॅव्हिगेटर’, काहींच्या पुढे ‘एअर गनर’. ज्याला वैमानिक व्हायचे असे त्याला दुसरे काही मिळाले, तर तो निराश होई. पण बॉम्बर विमानात मागच्या आसनावर बसणाऱ्या माणसाशिवाय पुढचा माणूस आंधळा असतो, हे त्यालाही लवकरच उमगे.

पुढचा टप्पा प्राथमिक उड्डाण शाळेचा. हैदराबादजवळचे बेगमपेट आणि जोधपूर या दोन ठिकाणी या शाळा होत्या. विमान होते ‘टायगर मॉथ’ : दुहेरी पंखांचे, उघड्या आसनांचे, कापडाने मढवलेले, १३० अश्वशक्तीच्या इंजिनाचे. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी, आणि दोघांच्या कानांना जोडलेली एक बोलण्याची नळी. विमानाला ना ब्रेक, ना रेडिओ. दख्खनच्या उन्हात दुपारी धावपट्टीवरून वर उठणाऱ्या गरम हवेने ते पानासारखे हेलकावे खाई, म्हणून बहुतेक उड्डाणे पहाटे होत. साधारण आठ-दहा तास शिक्षकाबरोबर उडाल्यावर एखाद्या सकाळी शिक्षक खाली उतरे, आणि विद्यार्थ्याला एकट्याने एक फेरी मारून ये म्हणून सांगे. या फेरीत जो डगमगला त्याची वाट तिथेच बदले. वैमानिक म्हणून नापास होणाऱ्यांची संख्या प्रत्येक तुकडीत मोठी असे. ते घरी जात, नाहीतर नॅव्हिगेटर वा गनर होत.

त्यानंतर अंबाल्याची सेवा उड्डाण शाळा. तेथे आधी जुनी ‘हार्ट’ आणि ‘ऑडॅक्स’ विमाने होती, पुढे अमेरिकन ‘हार्वर्ड’ आले. टायगर मॉथवरून हार्वर्डवर जाणे म्हणजे एकाच आठवड्यात नवीन कला शिकणे. चाके आत घेता येणारी, पंख धातूचे, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येणारा, इंजिन सुमारे ६०० अश्वशक्तीचे. येथे रात्रीचे उड्डाण, समूहाने उडणे, ढगात केवळ यंत्रांकडे पाहून उडणे आणि थोडी बॉम्बफेक शिकवली जाई. येथून उत्तीर्ण झालेल्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागत. बाहेरच्या जगाला तो तयार वैमानिक वाटे. हवाई दलाला मात्र तो अजून कच्चा होता. युद्धातले विमान त्याच्या हातात अजून यायचे होते.

ते काम पेशावरच्या ऑपरेशनल प्रशिक्षण केंद्राचे. रिसालपूरला हरिकेन विमानांचे केंद्र होते, पेशावरला व्हेंजन्सचे. येथे वैमानिक आणि गनर यांची जोडी जमवली जाई, आणि पुढचे कित्येक महिने ती जोडी एकत्र जगे. गनर मात्र पुरेसे भारतीय मिळत नव्हते. दोन्ही स्क्वाड्रनमध्ये म्हणून अनेक भारतीय वैमानिकांच्या पाठीमागे ब्रिटिश गनर बसलेले असत. मोठा प्रश्न म्हणजे हे विमानच नवीन होते. ते शिकवणारेही ते नुकतेच शिकलेले.

व्हेंजन्सची रचना समजल्याशिवाय त्याच्या वैमानिकाचे काम समजत नाही. सामान्य विमानाचा पंख शरीराला थोडा वर उचललेल्या कोनात जोडलेला असतो, त्यामुळे सरळ उडताना त्याला उचल मिळते. हेच विमान सरळ खाली सूर मारू लागले, तर ती उचल त्याला लक्ष्यापासून दूर ढकलते. व्हेंजन्सचा पंख असा कोन न ठेवताच जोडला होता. त्यामुळे ते जमिनीकडे नाक करून अगदी काटकोनात खाली येई, आणि बॉम्ब नेम धरल्या जागी पडे. या गुणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. सरळ उडताना त्याचे नाक वर राही, आणि उतरताना वैमानिकाला समोरची धावपट्टी नीट दिसत नसे. पोटात ५०० पौंडांचे दोन बॉम्ब, पंखाखाली २५० पौंडांचे दोन, आणि पाठीमागे गनरच्या हाती दोन मशिनगन असत. त्याच्या १४ सिलिंडरच्या अमेरिकन इंजिनाने जमिनीवरच्या यंत्रज्ञांना सतत त्रास दिला, आणि सुटे भाग नेहमीच अपुरे.

एका मोहिमेत साधारण सहा किंवा बारा विमाने निघत. लक्ष्याच्या वर १०-१२ हजार फुटांवर पोचले की पुढाऱ्याने विमान उलटे टाकायचे आणि एकामागून एक सर्वांनी त्याच्या मागे खाली सूर मारायचा. पंखांवरच्या जाळीदार झडपा उघडल्या की वेग ताब्यात राही, नाहीतर त्या उतारावर विमान फुटले असते. बॉम्ब सुटल्यावर वर खेचताना शरीरावर इतका भार पडे की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येई. मागच्या गनरला या सगळ्यात जमीन दिसतच नसे. तो पाठीवर झोपल्यासारखा आकाशाकडे तोंड करून असे. वैमानिकाने किती उंचीवर बॉम्ब सोडायचा आणि किती उंचीवर विमान सरळ करायचे, यातला काही सेकंदांचा हिशोब चुकला, तर ते दोघेही जमिनीत रुतत. म्हणूनच या विमानावर शौर्यापेक्षा सवयीला महत्त्व होते, आणि सवय केवळ सरावातूनच येते.

खरे तर भारतीय वैमानिकांनी बॉम्बफेक यापूर्वीच, वेगळ्या विमानातून केली होती. १९४२ च्या फेब्रुवारीत पहिली स्क्वाड्रन ब्रह्मदेशातल्या टौंगू येथे पोचली, आणि लगेच जपान्यांनी तो विमानतळ बॉम्बने झोडपला. स्क्वाड्रनचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या ‘लायसँडर’ विमानाला दोन २५० पौंडी बॉम्ब लावले, आणि सयामच्या हद्दीतल्या मे-हाँग-सॉन या जपानी तळावर जाऊन ते टाकले. लायसँडर हे टेहळणीचे विमान, बॉम्बरचे काम त्याच्याकडून कोणी अपेक्षिलेले नव्हते. मजुमदारांची ती धडक भारतीय हवाई दलाच्या स्मरणात आजही आहे. पण एका पुढाऱ्याच्या धाडसावर बॉम्बर दल उभे राहत नाही, त्यासाठी पेशावर आणि अंबाला लागले.

सातव्या स्क्वाड्रनचे प्रमुख हेम चौधुरी, आठवीचे पहिले प्रमुख निरंजन प्रसाद. आठवी १९४३ च्या डिसेंबरात चटगावजवळच्या डबल मूरिंग्ज तळावर आली, आणि ब्रह्मदेशातल्या आराकान आघाडीवर तिने काम सुरू केले. जंगलातल्या टेकड्यांवर जपानी फौजांनी झाडांच्या ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले खंदक खणले होते. सपाट उडून टाकलेला बॉम्ब त्या खंदकांजवळ पडे, आत नव्हे. सरळ खाली आलेला बॉम्ब त्यांना भेदू शके. १९४४ च्या जानेवारीत राझाबिलच्या ठाण्यावर लिबरेटर आणि मिचेल बॉम्बरांच्या जोडीला व्हेंजन्सही धाडण्यात आले होते. लक्ष्य दाखवण्यासाठी खालून तोफखाना धुराचे गोळे टाकी, आणि वैमानिक त्या धुरावर सूर मारीत. युद्धकाळात तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय काकुलहून नाशिकजवळच्या देवळालीला आले होते, आणि भारतीय तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची घडण तेथे होत होती. हवेतल्या माणसाचा नेम अशा प्रकारे जमिनीवरच्या तोफेच्या नेमावर अवलंबून होता, याची जाणीव दोन्हीकडच्यांना होती.

सातवी स्क्वाड्रन मागून, १९४४ च्या मार्चात, आसामच्या कछारमधल्या उदरबंद तळावर पोचली. त्याच महिन्यात जपानी फौजांनी इम्फाळ आणि कोहिमावर चाल केली. सातवीने चिंदविन नदीकडच्या रस्त्यांवर, पुलांवर आणि साठ्यांवर हल्ले केले, आणि त्यांच्या पलीकडे शत्रूच्या पिछाडीला उतरलेल्या ‘चिंडिट’ या दोस्त सैन्याच्या तुकड्यांनाही मदत दिली. वैमानिक बांबूच्या झोपड्यांत राहत. मलेरिया विरोधी गोळ्यांनी चेहरे पिवळे पडत, पावसाने धावपट्टी चिखल होई, आणि ढगांनी डोंगर झाकले की परतताना डोंगराचे टोक कोठे आहे हे नकाशावरूनच ओळखायचे. जपानी विमानांचा धोका त्या वेळेपर्यंत बराच कमी झाला होता, कारण १९४३ च्या अखेरीस आलेल्या स्पिटफायर लढाऊ विमानांनी आकाश मोकळे केले होते. त्यामुळे या मंद विमानांना काम करणे शक्य झाले. खराब हवामान आणि जंगल हे शत्रूपेक्षा मोठे वैरी होते.

याच काळात काही भारतीय युरोपच्या आकाशातही होते. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक इंग्लंडला प्रशिक्षणासाठी गेले, त्यांतल्या १८ जणांनी ते पूर्ण केले. शिवदेवसिंग यांच्यासारख्यांना बॉम्बरवर पाठवण्यात आले. मराठी आडनावांत मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांचे नाव वेगळे उठून दिसते : ते ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या लँकॅस्टर विमानांवर नॅव्हिगेटर होते. रात्रीच्या काळोखात शेकडो मैल जाऊन नेमके लक्ष्य गाठायचे, हे काम कागद, पेन्सिल आणि मोजपट्टीवर चाले. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० विमानी सैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. आराकानच्या वैमानिकाचा धोका वेगळ्या जातीचा होता, तरी सुखटणकरांसारख्यांचा तो आकडा समोर ठेवल्याशिवाय बॉम्बर वैमानिकाचे आयुष्य किती स्वस्त होते ते कळत नाही.

व्हेंजन्सचे आयुष्य थोडे ठरले. सुटे भाग अपुरे होते, इंजिने थकत होती, आणि स्वतःला लढता येईल अशा हरिकेन फायटरला बॉम्ब लावून तेच काम होऊ लागले होते. १९४४ च्या मध्यावर सातवी आणि आठवी या दोन्ही स्क्वाड्रन मागे घेण्यात आल्या. आठवीला त्या वर्षाच्या उत्तरार्धात स्पिटफायर मिळाले, सातवीला हरिकेन. म्हणजे या वैमानिकांनी अंबाल्याहून पेशावरला, पेशावरहून आघाडीपर्यंत येण्यासाठी जेवढा काळ घालवला, त्याच्या मानाने व्हेंजन्सवरची प्रत्यक्ष लढाई थोडकीच होती. तरीही त्यांचे श्रम वाया गेले, असे म्हणता येणार नाही. विमान बदलले तरी काटकोनात खाली येऊन नेम साधण्याची, समूहाने उडण्याची आणि हवामान वाचण्याची सवय माणसांकडे राहिली, आणि पुढच्या ब्रह्मदेश मोहिमेत तिचा उपयोग झाला. १९४५ च्या मार्चात हवाई दलाला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. युद्ध संपले तेव्हा नऊ स्क्वाड्रन होत्या आणि सुमारे २८,५०० माणसे, त्यांत सुमारे १,६०० अधिकारी.

स्वतंत्र भारताच्या बॉम्बर दलाची सुरुवात जुन्या मालावर झाली. अमेरिकनांनी कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर विमाने बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने पुन्हा उडती केली, आणि १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांच्यासाठी पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुण्याच्या लोहगाव तळावर पुढे लिबरेटर आणि नंतर ‘कॅनबेरा’ ही जेट बॉम्बर विमाने राहिली.

सातव्या स्क्वाड्रनमध्ये व्हेंजन्सवर उडालेले आणि नंतर तिचे प्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल हे या पिढीतले सर्वांत परिचित नाव. मुळात त्यांची उड्डाणाची हौस क्लबात सुरू झाली होती, आणि हवाई दलात सुरुवातीला ते नॅव्हिगेशनचे शिक्षक होते. १९४५ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडची धुरा होती. त्याच वर्षांत नाशिकजवळच्या ओझर येथे या संस्थेच्या कारखान्यात मिग-२१ विमानांच्या बांधणीचे काम उभे राहत होते. १९६९ च्या जुलैत लाल हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि १९७१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाताखालच्या दलाने पूर्व व पश्चिम अशा दोन्ही आघाड्यांवर मिग-२१ वापरले.